तो बोटीवर असतो

मुंबईत कुणी गाव विचारलं आणि मी रत्नागिरी म्हटलं, की पुढचा प्रश्न आंब्यांचा असतो. मंडणगड-गुहागरच्या आतल्या वाड्यांमध्ये तसं नाही. तिथे 'त्याला रत्नागिरीला नेलं' याचा अर्थ एकच होतो, आणि त्यात आंबा कुठेही नसतो. कोर्टाच्या तारखेला निघालेला माणूससुद्धा एसटीत शेजारी बसलेल्याला आपण होऊन सांगतो, "कोर्टाचं काम हाय हो, दुसरं काय नाय." भांडणात बायका एकमेकींना म्हणतात, "हिला रत्नागिरीलाच धाडायला हवी." मी जन्माने रत्नागिरीची आणि नोकरी तिथल्याच मनोरुग्णांच्या इस्पितळातली, म्हणजे माझं दोन्हीकडून ठरलेलंच. लग्नाच्या बैठकीत सासरच्या एका मावशींनी हळूच विचारलं होतं, "मुलगी तिथे नोकरी करते, का..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा "काहीतरी प्रेरणादायी असू द्या" असंही सुचवलं. त्यांचा मान राखून सांगते, माझ्याकडे तसं फारसं काही नाही. जे आहे ते लिहिते.

आधी काम काय होतं ते सांगायला हवं, कारण माझ्या सख्ख्या भावालाही ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मी डॉक्टर नाही. डॉक्टर गोळी ठरवतात, सिस्टर ती पेशंटने गिळलेली बघतात. पेशंट घरी गेल्यावर ती गोळी कोण देणार, कुठे ठेवणार, घरात त्याच्याशी कोणी बोलतं का, त्याला कामाला लावतात की पडवीत बसवून ठेवतात, हे बघायचं ते माझं काम. डॉक्टरांनी माणूस दुरुस्त करायचा आणि मी घर, असं आमच्यात गमतीने म्हणत. माणूस बहुतेक वेळा दुरुस्त होतो. माझ्या हुद्द्यात 'समाजसेवा अधीक्षक' या शब्दांनंतर कंसात 'मनोविकृती' असं होतं. टेबलावरची पाटी वाचून कित्येक नातेवाईक आधी माझ्याकडेच काळजीने बघायचे.

आठवड्यातले काही दिवस आम्ही तालुक्यांना जायचो. ग्रामीण रुग्णालयात एक खोली मिळायची, बहुधा लसीकरणाच्या शेजारची. सुरुवातीला आम्ही दारावर 'मानसोपचार विभाग' अशी ठळक पाटी लावली आणि दिवसभर वारा खात बसलो. पुढच्या खेपेला तिथल्या शिपायाने न सांगता पाटी भिंतीकडे वळवून ठेवली आणि खडूने दारावर लिहिलं, 'झोपेच्या तक्रारी'. त्या दिवशी रांग जिन्यापर्यंत गेली. झोप न लागणं हा आमच्याकडे अब्रूदार आजार आहे. झोपेचं म्हणून आत यायचं, दार लावून घ्यायचं आणि मग हळूहळू खरं सांगायचं: विहिरीच्या काठावर जाऊन बसते, जेवणात विष घातलंय म्हणतो, बाळंत झाल्यापासून मुलाला जवळ घेत नाही.

आमच्या गाडीच्या दारावर कार्यक्रमाचं नाव रंगवलेलं होतं. त्यामुळे घरभेटीला गेलो की निरोप ठरलेला असायचा, "गाडी देवळाच्या पलीकडेच थांबवा." मग मी उन्हातून पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढत वर जायची. वाटेत कुणी विचारलं तर बचत गटाचं काम आहे म्हणायची. मंडणगडकडच्या एका सासूबाईंनी सुनेच्या आजाराला थायरॉईड असं नाव दिलं होतं. सून आमच्या गोळ्यांनी छान सुधारली. मग शेजारच्या गावातल्या खऱ्या थायरॉईडच्या तीन-चार बायका त्याच गोळ्या मागायला आल्या. त्यांना समजावून परत पाठवताना डॉक्टरांना घाम फुटला. आम्ही हसलो तेव्हा. हसण्यासारखं होतंच ते.

प्रत्येक मुलखात हे लपवण्यासाठी ठरलेले शब्द असतात. बाईमाणूस असेल तर ती 'माहेरी गेलीय'. पुरुष असेल तर तो 'मुंबईला असतो'. पण मुंबईला गावची पन्नास माणसं असतात, तिथे भेटला नाही तर फटकन कळतं. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांनी याहून पक्का शब्द काढला आहे. तो बोटीवर असतो.

बोटीवर, म्हणजे मच्छीमारीच्या होडीवर नव्हे. मोठ्या मालवाहू जहाजावर. आमच्या किनाऱ्यावर दर घराआड एक तरी माणूस खलाशी, फिटर नाहीतर बोटीवरचा खानसामा असतो. तो आठ-नऊ महिने दिसत नाही, त्याचा फोन लागत नाही, लग्नाला येत नाही, बाप गेला तरी पोचत नाही, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माणूस गायब असायला याहून प्रतिष्ठित कारण नाही. मी हा शब्द इतक्या वेळा ऐकला की कुणी खरोखरच बोटीवर असला तरी मला आधी शंका यायची.

विलासच्या बाबतीत गंमत अशी, की तो खरंच बोटीवर होता.

वेळणेश्वरच्या अलीकडच्या एका वाडीतला हा मुलगा. बाप मच्छीमार, लवकर गेला. थोरला भाऊ सुरेश गावात राहिला, धाकटा विलास खलाशी झाला. दोन-तीन बोटी त्याने नीट केल्या. मग पुढच्या एका बोटीवर त्याला इंजिनाच्या आवाजात माणसं बोलताना ऐकू यायला लागली. आधी दुरून, मग नाव घेऊन, मग शिव्या देत. तो झोपेना, जेवेना, एकदा कठड्यावर चढला. कॅप्टन शहाणा होता. त्याने पुढच्या बंदरात त्याला उतरवून कंपनीमार्फत घरी पाठवलं. घरच्यांनी काही महिने अंगारे केले, एका कुडाच्या खोपटात कोंडून ठेवलं, आणि मग आमच्याकडे आणलं.

दाखल करताना त्याची आई माझ्यासमोर बसली होती. बारीक, काळीसावळी, काष्ट्याची म्हातारी. मी नेहमीचे प्रश्न विचारत होते. शेवटी तिने माझा हात धरला.

"बाय, तो बोटीवर गेलाय असंच सांगितलंय आमी गावात. तुमी काय बोलू नका हां."

"मी कशाला बोलू? पण तो बरा होऊन येईल तेव्हा काय सांगाल?"

"बोटीवरनं आला म्हणून सांगू," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता.

आणि तो बरा झालाही. नवीन औषधांचा गुण त्याला लवकर आला. आवाज विरले, तो नीट जेवायला लागला, वॉर्डातल्या व्हॉलीबॉलचं फाटलेलं जाळं त्याने दोन दुपारींत विणून दिलं. घरी सोडायच्या दिवशी त्याची आई आली ती रिकामी पिशवी घेऊन. बोटीवरून आलेला माणूस मोकळ्या हाताने घरी येत नाही. वाडीतल्या प्रत्येक घरी परदेशी साबण, चॉकलेट, निदान सेंटची एक बाटली जायलाच हवी, नाहीतर लोक बोलतात. म्हातारीला लेबलं वाचता येत नव्हती म्हणून मी बाजारात बरोबर गेले. दुकानदाराने हौसेने विचारलं, "काय आजी, बोटीवरनं कोण आलंय वाटतं?" आणि ती अशी काही ताठ झाली, की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. "माजा धाकटा," ती म्हणाली.

विलास दुकानाच्या पायरीवर बसला होता. त्याने पिशवीत डोकावून बघितलं.

"म्याडम, हे साबण कंच्या बंदरात घेतले म्हणून सांगू?"

"दुबई सांग."

"दुबईला आमची बोट कदी लागलीच नाय."

"मग तुला हवं ते सांग बाबा. मला कुठे बंदरं कळतात?"

तो हसला. आजारी माणूस पहिल्यांदा स्वतःवर हसतो तो दिवस आमच्या कामात फार मोठा असतो. मी खूश होऊन घरी गेले.

पहिले काही महिने झकास गेले. तो होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, पुतणीला दोरीच्या गाठी शिकवायचा, महिन्याच्या महिन्याला गुहागरला आमच्या झोपेच्या खोलीत येऊन इंजेक्शन घ्यायचा. मी डॉक्टरांना म्हटलं, हा आपला फळाला आलेला पेशंट. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती, आणि ती कुठल्याच पुस्तकात नाही. बोटीवरचा माणूस घरी राहू शकत नाही. तो सुट्टीवर येतो आणि सुट्टी संपली की जातो.

गावात लोक विचारायला लागले. वाईट मनाने नाही, सहज. "काय रे, अजून बोलावणं नाय आलं?" "कंपनी बदललीस काय?" "कवा निघतोस?" पानाच्या गादीवर, देवळात, जेटीवर. जो जो भेटेल तो तेच विचारी. शिमगा झाला, पालखी घरी येऊन गेली, तरी विलास आपला गावातच. गुहागरच्या खोलीत मायलेकरं माझ्यासमोर बसली तेव्हा म्हातारी रडकुंडीला आली होती.

मी म्हटलं, "बोट सोडली म्हणून सांगा."

"सोडलान म्हटलं तर कशापायी सोडलान ते इचारतील."

"तब्येतीला झेपत नाही म्हणा."

"तब्येतीला काय झालंय म्हणतील. अंगानं तर बघा कसा हाय." ती त्याच्या दंडाकडे बघत म्हणाली. आजारी दिसत नाही ही त्या आईची अडचण होती.

"मग खरं सांगा. निदान जवळच्या चार जणांना सांगा. आजार होता, औषधाने बरा झाला. साखरेचा असतो, रक्तदाबाचा असतो, तसा."

हे वाक्य मी नोकरीभर म्हटलं. साखरेचा असतो तसा. शाळांमधून म्हटलं, ग्रामसभेत म्हटलं, आशाताईंच्या प्रशिक्षणात फळ्यावर लिहून दाखवलं. म्हातारीने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साखरवाल्याच्या पुतणीला स्थळं येतात, बाय."

 मग विलास म्हणाला, "म्याडम, मला जायला तर हवं. पण मी जाऊ कुठं?"

ठणठणीत बरा असलेला माणूस, स्वतःच्या घरात दोन वेळ जेवणारा, कामाला वाघ, आणि त्याला घराबाहेर जायला जागा शोधायची होती. शेवटी एका सकाळी बॅग भरून, देवाला नारळ ठेवून, गावाचा निरोप घेऊन तो 'बोटीवर' निघाला आणि वसईला एका इमारतीत वॉचमन झाला. इंजेक्शनऐवजी आम्ही बरोबर दिलेल्या गोळ्या होत्या तोवर घेतल्या. तिकडच्या दवाखान्यासाठी मी चिठ्ठी दिली होती, पण रात्रपाळीच्या माणसाला सकाळची ओपीडी कुठली जमायला? गोळ्यांनी पहाऱ्यावर झोपही येई, म्हणून संपल्यावर त्याने त्या पुन्हा आणल्याच नाहीत. पुढचं वेगळं सांगायला नको. पोलिसांना तो एका जेटीवर सापडला, अंगावर धड कपडे नव्हते. फिरत फिरत पुन्हा आमच्याच दारात आला.

या खेपेला आजार खोल गेला होता. बरा व्हायला फार दिवस लागले. आई येत असे, डब्यातून आंबोळ्या आणि कोलंबीचं सुकं आणत असे. मग तिचं येणं थांबलं. काही दिवसांनी सुरेश आला आणि म्हणाला, "आई गेली. त्याला सांगू नका, परत बिघडंल." मी सांगितलं. आई मेल्याचं माणसाला कळायलाच हवं, ते लपवायचा हक्क कुणाला नाही. विलास भिंतीला टेकून रडला, दुसऱ्या दिवशीही थोडा रडला, आणि तिसऱ्या दिवशी जेवला. डॉक्टर म्हणाले, चारचौघांसारखा रडला, म्हणजे आता तो बरा आहे.

झालं. डॉक्टरांचं काम संपलं आणि माझं सुरू झालं.

मी सुरेशला फोन करायची. तो वाईट माणूस नव्हे. घराला जोडून पर्यटकांसाठी दोन खोल्या काढलेल्या, बायको जेवण करते, एकुलती मुलगी कॉलेजला. तो दर वेळी अदबीने बोलायचा. गणपती होऊ दे म्याडम, मुंबईवाले सगळे येतात. दिवाळीचं सीझन होऊ दे, खोल्या भरलेल्या हायत. शिमगा होऊ दे. पाऊस सरू दे, मग बघू. आमच्या कोकणात सणांना तोटा नाही, त्यामुळे त्याला कारणं कमी पडली नाहीत. विलास दर वेळी विचारायचा, "काय म्हणाला?" आणि मी म्हणायची, "मग बघू म्हणाला."

मधल्या काळात सगळं सुधारत होतं, हे मी मान्य करते. औषधं सुधारली. तालुक्याला मिळायला लागली. नवा कायदा आला, त्यात पेशंटचे हक्क कलमवार लिहिलेले आहेत. फोनवर समुपदेशन सुरू झालं. मानसिक आरोग्य दिनाला आम्ही गावोगाव पथनाट्य करायला लागलो आणि एकदा ते विलासच्या वाडीतही झालं. देवळाच्या सभामंडपात चांगली गर्दी जमली. नर्सिंगच्या मुलींनी वेड्याचं काम इतकं छान केलं की लोकांनी टाळ्या दिल्या. आभार मानायला कोण उभा राहिला, तर सुरेश. "मनोरुग्ण हा आपल्यातलाच एक हाय, त्याला आपण समजून घेतला पायजे," असं तो माईकवर म्हणाला. माझ्याकडे न बघता. चहाही त्यानेच दिला, आलं घातलेला.

त्यानंतर त्याने फोन घेणं बंद केलं.

कुठलाही पेशंट घरी पोचवण्याआधी आपण एकटं जाऊन घर बघून यायचं, हा आमच्या कामातला नियम. म्हणून पावसाळा संपल्यावर एके दिवशी मी गाडी न घेता एसटीने त्या वाडीत गेले. वाटेवर एक म्हातारी खळ्यात सुकट पसरत होती. पथनाट्यामुळे तिने मला ओळखलं.

"त्या नाटकवाल्या बाई ना तुमी? कुणाकडं चाललाव?"

"सुरेशकडे."

"जावा जावा. सुतक फिटलंय आता त्यांचं."

"सुतक? कुणाचं?"

"आता! तुमाला ठाव नाय? विलास गेला की. त्याचा धाकटा भाव, बोटीवर असायचा तो. पाण्यात पडलान. तिकडं मलाक्का का कायसं हाय, तिथं. लय गुणाचा पोर हो. माज्या घरी साबण दिलान होतान मागं." तिने पदराने नाक पुसलं. "पाण्यात गेलेला माणूस, हाती काय लागणार? दर्भाचा करून जाळलान. आमी तेराव्याला जेवून आलाव."

समुद्रात गेलेल्या माणसाचं शरीर मिळालं नाही, की आमच्याकडे दर्भाचा पुतळा करतात. त्याला माणसासारखं निजवतात, कापड घालतात, आणि रीतसर अग्नी देतात. किनाऱ्यावरच्या गावांना या विधीची सवय असते. त्यावर कुणी शंका घेत नाही. मी त्या खळ्यातच उभी राहिले. सकाळीच मी विलासला सांगून निघाले होते, की आज तुझ्या घरी जाऊन येते.

सुरेशने मला बघितलं आणि घाईघाईने मागच्या माडाखाली नेलं. त्याच्या डोक्यावर नुकते केस फुटत होते.

"फोन करायचा ना म्याडम. घरी कशाला आलाव?"

"फोन तुम्ही घेत नाही."

 तो म्हणाला, "ऐकलंत तर तुमी."

"हे काय केलंत सुरेश?"

"किती वर्सं सांगू बोटीवर हाय म्हणून? कुणाचा कॉन्ट्रॅक इतका लांब असतो? पोरीला बघायला आले. मुलगा चांगला हाय, तोपण बोटीवरच हाय. त्यांनी पयला प्रश्न काय केला माहीत हाय? काका कंच्या कंपनीत? कंची बोट? मी काय सांगू? त्यांना सगळ्या कंपन्या पाठ. एक फोन केलान असतान तर सगळं भाएर आलं असतं."

"मग खरं सांगायचं."

"खरं!" त्याचा आवाज चढला आणि घराकडे बघून लगेच उतरला. "तुमी नाटक करताव नि गाडीत बसून जाताव. आमाला हितं ऱ्हायचंय."

"अहो, पण तो बरा आहे. तुमच्या-माझ्याइतका बरा आहे."

"म्हणून तर," सुरेश म्हणाला. "बरा हाय म्हणून तर कवातरी येऊन दारात उभा ऱ्हायला असता."

मला इतका राग आला होता की मी त्याला काहीही बोलले असते. पण तो माडाच्या बुंध्याला धरून खाली बसला. "मी खोटं नाय रडलो म्याडम. दर्भाला आग मीच दिली. भटानं त्याचं नाव घेतलान, बाबांचं घेतलान... मला वाटलं मी खराच त्याला जाळतोय." आणि तो तिथे पुन्हा रडला. असल्या माणसाचं काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही.

तेवढ्यात त्याची मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन आली. गोड मुलगी, डोळे विलासचे. "काकांचं कळलं म्हणून आलात ना?" तिने विचारलं. "तुम्ही ओळखत होता त्यांना? मला दोरीच्या गाठी शिकवायचे ते."

पेशंटच्या परवानगीशिवाय तो आपला पेशंट आहे, हेसुद्धा बाहेर कुणाला सांगायचं नाही, हा आमचा पहिला धडा. तो त्याच्याच भल्यासाठी असतो. म्हणजे तुझा काका जिवंत आहे, आज सकाळी त्याने माझ्यासमोर चहा घेतला, हे मला त्या पोरीला सांगता येत नव्हतं. मी पाणी प्यायले. थोडी ओळख होती म्हटलं, आणि निघाले.

कायद्याने पुष्कळ काही करता आलं असतं. कागदोपत्री विलास जिवंतच होता. दर्भ जाळून मृत्यूचा दाखला निघत नाही. पोलीस घेऊन त्याला त्याच्या घरात बसवता आलं असतं. पण त्याच्या ताटात वाढायला पोलीस येणार नव्हते. आणि हे सगळं करायचं की नाही ते ठरवणारा माणूस रत्नागिरीत माझी वाट बघत होता.

तो बागेत होता, झाडांच्या आळ्यांना पाणी घालत. मला बघून त्याने पाइप बाजूला टाकला.

"काय म्हणाला?"

मी त्याला सगळं सांगितलं. बाकावर बसवून, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. डॉक्टर जवळच होते. तो मान खाली घालून ऐकत होता.  मग त्याने विचारलं, "कुठं पडलो म्हणालान?"

"मलाक्काच्या सामुद्रधुनीत."

त्याने मान हलवली. एखाद्या कच्च्या खलाशाची चूक दाखवावी तसा तो म्हणाला, "तिथं पाणी तळ्यासारखं असतं म्याडम. तिथं बोटीवरनं कोण पडत नाय. तिथं पडायला माणूस येडाच असायला हवा."

डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले. मी म्हटलं, "विलास, तू हो म्हण. मी उद्या जाते. पुतणीला सांगते, गावाला सांगते. तुझा हक्क आहे तो. होईल ते होईल."

"तिचं लगीन कदी हाय?"

"दिवाळीनंतर."

"मुलगा कसा हाय?"

"चांगला आहे म्हणतात. बोटीवर आहे."

 नळ चालूच होता, पाणी वाफ्यातून वाहून वाटेवर आलं होतं. तो उठला, नळ बंद करून आला, आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. लगीन होऊ दे तिचं. मग बघू."

मी नोकरीत पुष्कळ मरणं बघितली. विहिरी बघितल्या, दोर बघितले. माणूस इतक्या शांतपणे, पूर्ण शुद्धीत, डॉक्टरांच्या साक्षीने मेलेला मात्र मी पुन्हा पाहिला नाही.

लग्न झालं. मग पुतणीला दिवस गेले, तेव्हा तिला धक्का नको म्हणून राहिलं. मग तिचा नवरा नव्या बोटीवर गेला. मेलेला माणूस जितका जुना होतो तितकं त्याला परत येणं अवघड होतं, हे मला कळत होतं आणि विलासलाही. दुसऱ्या जिल्ह्यातल्या पुनर्वसन गृहात त्याची सोय होते का, यासाठी मी खूप धडपडले. जागा निघाली की नातेवाइकांची सही मागत, आणि सही करणाऱ्याने त्याचं तेरावं घातलेलं. सध्या तो बागेचं बघतो, नव्या पेशंटना जेवू घालतो. औषधं कधी चुकवत नाही. सगळ्या बाजूंनी विचार केला तर आमच्या उपचारांचा इतका चांगला नमुना दुसरा नाही.

माझ्या निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला, शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली. मी जिल्ह्यात मानसिक आरोग्याची पहाट आणली असं एक साहेब म्हणाले. मला भर सभेत शिवी द्यावीशी वाटली, पण फुलं हातात होती. नंतर वॉर्डात सगळ्यांना भेटायला गेले. पेशंट पाया पडले, एकदोघी रडल्या, मीही रडले. विलास शेवटी दारापर्यंत सोडायला आला. तिथून पुढे तो येत नाही. गेटवरचे कोणी अडवत नाहीत, तोच येत नाही.

मी म्हटलं, "विलास, मी जाऊन-येऊन असेन रे. गावातच आहे मी."

"नको म्याडम," तो म्हणाला. "परत परत कशाला हितं येताव? जावा. तुमाला घर हाय."